दुपारी दीडला कोण? लातुरातल्या एका डॅशहाउंडच्या दत्तकाचं प्रकरण

16 जून 2022 ला सकाळी सातच्या सुमारास लातूरच्या एमआयडीसीतल्या एका डाळमिलच्या वॉचमनमामांचा फोन आला. "साहेब, गेटाजवळ खोक्यात कुणीतरी कुत्री सोडून गेलंय. नऊ दिवस झाले. मागचे पाय वढत चालूलालीय. खातीय चांगलं, पण पायच न्हाईत तिला."

गेलो तर सोयाबीन तेलाच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, पोत्याच्या तुकड्यावर, एक तांबूस डॅशहाउंड. लांबुळकं अंग, आखूड पाय, लोंबते कान. मादी, दातांवरून पाचेक वर्षांची. वजन भरलं 6 किलो 400 ग्रॅम. गळ्यावर पट्ट्याचा वण होता, पट्टा नव्हता. म्हणजे घरात वाढलेली, पाय गेल्यावर रात्रीतून गेटावर ठेवलेली. (उपासमारीची वेळ येईल अशा अवस्थेत प्राण्याला टाकून देणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड 10 ते 50 रुपये. आता पुठ्ठ्याचा रिकामा खोकासुद्धा त्या भावात मिळतो.)

मी पशुसंवर्धन खात्यात 32 वर्षं पशुधन पर्यवेक्षक होतो. गावात सगळे डॉक्टर म्हणतात, पण मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगून ठेवतो. आयुष्य गाई-म्हशी-बैलांत गेलं. टाकून दिलेल्या कुत्र्यांना घरं शोधण्याचा उद्योग निवृत्तीनंतर मागे लागला. आजवर बरीच कुत्री दिली, त्यातलं हे एकच प्रकरण सविस्तर लिहितोय, कारण यात मी दोनदा चुकलो. दोन्ही वेळा कुत्रं नीट बघितलं होतं. घर बघायचं राहिलं होतं.

वॉचमनमामांनी तिला नऊ दिवस दूध-भाकर घातली. स्वतःच्या डब्यातली. आणि दुखत असेल म्हणून मेडिकलमधून डायक्लोफेनॅक आणून अर्धी अर्धी गोळी तीन दिवस भाकरीत घालून दिली. शी डांबरासारखी काळी होत होती, म्हणजे पोटात रक्तस्राव सुरू झाला होता. माणसाची दुखण्याची गोळी कुत्र्याला कधीच देऊ नये, विशेषतः डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन. मामांना काय बोलणार? आम्ही खात्यातली माणसं बैलांना हेच औषध ढिगानं टोचायचो. मेलेली जनावरं खाऊन गिधाडं संपत आली, तेव्हा कुठे 2006 मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. मामांच्या अर्ध्या गोळीला नावं ठेवायला माझं तोंड नाही.

उदगीर

दुसऱ्या दिवशी उदगीरच्या पशुवैद्यक महाविद्यालयाच्या दवाखान्यात नेली. लातूरहून साठ-पासष्ट किलोमीटर. माझी उदगीरची वाट म्हशींमुळे पायाखालची. टेबलावर कुत्रं घेऊन पहिल्यांदाच उभा होतो.

डॉक्टरांनी तिच्या पुढ्यात एक बिस्किट ठेवलं आणि मागच्या पायाचं बोट चिमट्यात धरून जोरात दाबलं. पाय झटकन मागे गेला. मी म्हणालो, "जाणीव आहे की, सर." ते म्हणाले, "पायाकडे बघू नका, तोंडाकडे बघा." त्यांनी पुन्हा दाबलं. पाय पुन्हा झटकला आणि ती शांतपणे बिस्किट खात राहिली. मान वळवली नाही, कण्हली नाही. पाय मागे घेणं हे कण्यातलं परस्पर काम आहे, मेंदूपर्यंत काही पोचत नाही. याला ते खोल वेदना नसणं म्हणतात. पुढचं सगळं या एका चाचणीवर ठरतं.

आपण माणसाच्या बाबतीत ‘गादी सरकली’ म्हणतो, तोच हा आजार. मणक्यांच्या मधल्या गादीचा गाभा ओला, लवचीक असतो. डॅशहाउंडमध्ये तो तरुणपणीच वाळून कडक व्हायला लागतो. ज्या जातीला आखूड पाय, तिच्या गाद्या बहुधा कच्च्या. या दोन्हींशी जोडलेला एक जनुकीय बदल 2017 मध्ये बाराव्या गुणसूत्रावर सापडला. म्हणजे आपण ज्या ठेंगण्या रूपावर भाळतो, दुखणं त्या रूपाच्याच पोटात आहे. साधारण पाचातल्या एका डॅशहाउंडला आयुष्यात कधी ना कधी हा त्रास होतो. गाभा एके दिवशी फुटून वर उसळतो आणि मज्जारज्जूवर आदळतो. सोफ्यावरून उडी मारली म्हणून झालं असं मालक सांगतात. गादी आधीच वाळलेली असते, उडी फक्त निमित्त.

खोल वेदना शिल्लक असताना शस्त्रक्रिया झाली तर बहुतेक कुत्री पुन्हा चालतात. वेदना गेली असेल तर तातडीनं करूनही साधारण निम्मीच. हिचे खोक्यातलेच नऊ दिवस गेले होते, त्याआधीचे किती कुणास ठाऊक. डॉक्टर स्पष्ट बोलले: चालण्याची आशा धरू नका, लघवीकडे लक्ष द्या. पाय नसलेलं कुत्रं चांगलं दहा-बारा वर्षांचं होऊ शकतं. तुंबलेली लघवी त्याला महिन्यात संपवते.

पहिलं घर

हे थोडक्यात सांगतो, कारण आठवलं की आजही कसंनुसं होतं.

एक तरुण बँक कर्मचारी, एकटा, फ्लॅटमध्ये राहणारा, मनापासून कुत्र्यांचं वेड असलेला. 25 जूनला मी त्याला पोट दाबून लघवी कशी काढायची ते वीस मिनिटं दाखवलं आणि शेंगा त्याच्या हवाली केली. (शेंगा हे नाव त्याचंच. भुईमुगाच्या शेंगेसारखी दिसते म्हणून.) पाचव्या दिवशी त्याचा आनंदानं फोन: "काका, दाबावं लागत नाही आता. ती आपलीआपण करतेय. फरशीवर थेंब थेंब पडलेले असतात." मीही खूश झालो. गच्चीवरची टाकी भरून ओसंडायला लागली की भिंतीवरून पाणी ओघळतं, तसं ते होतं, हे 32 वर्षं जनावरांत काढलेल्या माणसाच्या लक्षात यायला हवं होतं. पाठीत अशी इजा झाली की लघवीच्या पिशवीचं तोंड आवळून बसतं. पिशवी गच्च भरते आणि दाब सहन होईना झाला की थोडं थोडं झिरपतं. ओली फरशी बघून माणूस निर्धास्त होतो.

अकराव्या दिवशी त्यानं तिला परत आणलं. लघवी लालसर, गढूळ, वास असा की खोलीत थांबवेना. पिशवी नारळाएवढी ताणलेली. तीन दिवस नळी घालून ठेवावी लागली. पिशवीचं तोंड सैल पडावं म्हणून डॉक्टरांनी माणसांच्या रक्तदाबाची प्राझोसिन गोळी अगदी बारीक मात्रेत सुरू केली आणि जंतुसंसर्गासाठी प्रतिजैविकं. पोरगा रडायला लागला. त्याची चूक नव्हती. सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी सात तो बँकेत असतो, हे मला माहीत होतं. माहीत असून दिलं.

आजींचा नकार

जुलैच्या मध्यावर औसा रोडच्या एका कुटुंबाचा निरोप आला. बाई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, यजमानांचं हार्डवेअरचं दुकान, मुलगी आठवीत, आणि सत्तरी ओलांडलेल्या आजी. घर स्वतःचं, अंगण मोठं, आधी एक पॉमेरियन चौदा वर्षं सांभाळलेलं. कागदावर याहून चांगलं घर मिळणार नाही.

मॅडम उत्साही, मुलगी तर आधीच जमिनीवर मांडी घालून शेंगाशी बोलत बसलेली, यजमान हसरे. आजी ओट्यावर सूप घेऊन तूर निवडत होत्या. म्हणाल्या, "आणा की. पर मी हात लावणार न्हाई."

एरवी असं ऐकलं की मी पुढे जायचो. घरात एक म्हातारं माणूस कुरकुरतंच, चार दिवसांत लळा लागतो, असा माझा ठोकताळा. यावेळी पहिल्या घराचा चटका ताजा होता. ओट्यावर आजींच्या शेजारी बसलो आणि विचारलं, "का हो आई?"

30 सप्टेंबर 1993 ला आजी किल्लारीजवळच्या सासरच्या गावात होत्या. आदल्या दिवशी गणपती बोळवलेले. पहाटे चारला काही मिनिटं कमी असताना माळवदाचं घर बसलं आणि धाकट्या दिराच्या पाठीवर तुळई पडली. जीव वाचला, कमरेखालचं सगळं गेलं. तो पुढे चार वर्षं जगला आणि त्याचं सगळं आजींनी केलं. नळी, लघवीची पिशवी, दर दोन तासांनी कूस बदलणं, तरीही पाठीला पडलेल्या जखमा. सूप न थांबवता त्या सांगत होत्या. "पहिले सहा म्हैने समदे येत्यात, साहेब. सातव्या म्हैन्यात मी एकटीच व्हते."

मग त्यांनी मलाच विचारलं, "किती बारी करावं लागतंय हिचं?" मी सांगितलं, सकाळी सहा, दुपारी दीड, संध्याकाळी साडेसहा, रात्री साडेदहा. चार वेळा, रोज, मरेपर्यंत.

"सकाळी सून करील. सांजच्याला पोरगी. रातच्याला पोरगा. दुपारी दीडला कोण?"

बाकीच्या तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मॅडम शाळेत, मुलगी शाळेत, यजमान दुकानात. कुणी बोललं नव्हतं, पण दुपारचं आई बघतील असं तिघांनीही मनात धरलं होतं. आजींना ते न सांगता कळलं होतं, म्हणून त्या आधीच नाही म्हणून मोकळ्या झाल्या होत्या.

त्या दिवसापासून कुत्रं देताना मी हौस असलेल्या माणसाशी दहा मिनिटं बोलतो आणि नको म्हणणाऱ्याशी तासभर. दुखणाईत जनावराच्या बाबतीत तर ‘हो’ म्हणणाऱ्याला काय करावं लागणार हे बहुधा ठाऊकच नसतं. ठाऊक असतं ते ‘नको’ म्हणणाऱ्याला.

ठरलं ते असं. यजमान दुपारी दीडला जेवायला घरी येतात, तेव्हा ती वेळ त्यांची. आजींकडे कुठलंच काम नाही. आणि हे दत्तक नव्हे, सहा महिने सांभाळायला. दत्तकाचा कागद सातवा महिना बघून.

हात बसणं

तीन संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. दोघांनी माझ्यासमोर, मी हात न लावता, पिशवी पूर्ण रिकामी करून दाखवल्याशिवाय कुत्री ठेवणार नाही म्हणून सांगितलं.

वाचून येत नाही, तरी सांगतो. कुत्रीला दोन गुडघ्यांत उभी धरायची. दोन्ही हातांची बोटं सरळ ठेवून पोटाच्या दोन्ही बाजूंनी, मागच्या मांड्यांच्या जरा पुढे न्यायची. बोटं रोवायची नाहीत, बोटांचे पोटवे टेकवायचे. आत पाण्यानं भरलेला फुगा हाताला लागतो. अर्धा भरला तर लिंबाएवढा, पूर्ण भरला तर मोसंबीएवढा. शेणाच्या गोळीसारखं घट्ट काही लागलं तर ती शी आहे, सोडून पुन्हा शोधा. फुगा सापडला की सावकाश दाब वाढवत शेपटीच्या दिशेनं न्यायचा आणि थांबायचं. इथेच सगळे चुकतात. धार आली नाही की माणूस घाबरून जोर करतो, आणि फार जोरानं पिशवी फुटू शकते. दाब तोच ठेवून दहा-पंधरा श्वास थांबलं की तोंड सुटतं.

मॅडमच्या हाताला ते दुसऱ्याच संध्याकाळी आलं. माहेरी म्हशी होत्या, धार काढायची सवय. म्हणाल्या, "हे पान्हा सोडण्यासारखंच आहे की, सर. घाई केली की चोरून धरते." बरोबर तेच. मीही बऱ्याच जणांना आता असंच सांगतो. यजमानांना मात्र तिन्ही संध्याकाळी घाम फुटला. जन्मभर लोखंड आणि पाइप हाताळलेला माणूस, हात जड. तिसऱ्या दिवशी रात्री पावणेनऊला एकदाची धार आली, थेट माझ्या पायजम्यावर. मुलीनं टाळ्या वाजवल्या.

हात साबणानं धुणं सक्तीचं. लेप्टोस्पायरा नावाचे जंतू लघवीतून माणसाला लागू शकतात, म्हणून ती लस आणि रेबीजची लस आधी टोचून घेतली होती. ओल्या कातडीला लावायला घरात लहान बाळाचं मलम होतं, ते काढायला लावलं. त्यात जस्त असतं, चाटून पोटात गेलं तर बाधतं. साधं खोबरेल तेल पुरतं. त्याच पावसाळ्यात लातूर, बीड, उस्मानाबादकडे सोयाबीनवर गोगलगायींनी धाड घातली होती आणि बांधाबांधानं विषारी गोळ्या टाकलेल्या होत्या. त्यातलं मेटाल्डिहाइड कुत्र्याच्या जिवावर उठतं. शेतात न्यायची नाही, असं बजावलं.

24 जुलैला, रविवारी, शेंगा तिकडे गेली. सोबत एक शंभर पानी वही. तारीख, वेळ, किती आली, रंग, वास, कुणी केलं, असे रकाने.

लहान मुलांचे डायपर, शेपटीसाठी त्यांना भोक पाडून, फक्त रात्री आणि पाहुणे आले तर. एरवी जुन्या धोतराचे लंगोट. दिवसाला चार-पाच धुवायचे म्हणजे लातुरात पाण्याचा हिशोब आलाच. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं हे शहर. इथे नळाला रोज पाणी येतं असं कुणी धरून चालत नाही. मॅडमनी भाजी धुतल्याचं पाणी पहिल्या खळबळण्याला, दुसरं स्वच्छ, आणि तेच पुढे जास्वंदीला, अशी सोय लावली. महिन्याचा खर्च गोळ्या, डायपर धरून अठराशेच्या आसपास. लघवी तपासणी, डॉक्टरांच्या फेऱ्या त्याहून वेगळ्या.

गाडा यजमानांनी दुकानातच बनवला. अर्धा इंची पीव्हीसी पाइप, एल्बो, टी, सोल्यूशन, आणि जुन्या बाबागाडीची दोन चाकं. पहिला गाडा मागून उंच झाला, सगळा भार पुढच्या पायांवर येऊन ती तोंडावर पडायची. दुसऱ्यात चाकं दोन इंच पुढे घेतली आणि जमलं. पंधरा-वीस मिनिटांच्या वर ठेवायचं नाही, कारण पट्टा कुठे काचतोय हे तिला कळत नाही.

मुलगी तिच्या भाकरीला गुपचूप तूप लावायची. वजन वाढलं की पुढचे पाय थकतात, हे मी दोनदा सांगून झालं होतं. शेवटी आजीच म्हणाल्या, "नामदेव तूप घिऊन कुत्र्यामागं पळाला, खरंय. पर त्याचं कुत्रं चार पायावर व्हतं." नरसी काही फार लांब नाही इथून, ही गोष्ट घराघरात माहीत. तूप बंद झालं.

महालक्ष्म्या

माझी दुसरी चूक इथली.

मराठवाड्यात ज्येष्ठा गौरींना महालक्ष्म्या म्हणतात आणि ज्यांच्या घरी त्या बसतात त्यांच्या घरी ते तीन दिवस दुसरं काही चालत नाही. त्या वर्षी 3 सप्टेंबरला आवाहन, 4 ला पूजन, 5 ला विसर्जन. सोळा भाज्या, पुरणपोळ्या, आंबिल, सवाष्णी, सोवळं. शेंगाला मागच्या खोलीत ठेवलं. मी वेळांबद्दल सगळं विचारलं होतं. सणाबद्दल विचारलं नव्हतं, आणि माझ्या स्वतःच्या घरी महालक्ष्म्या बसतात!

वहीत 3 तारखेच्या रात्रीपर्यंतच्या नोंदी आहेत. 4 तारखेला फक्त दोन, त्याही घाईनं, आणि डायपर बदलल्याचं कुठेच नाही. सोवळ्यातली सून मध्येच डायपर बदलायला कशी जाणार आणि यजमान पंगतीत वाढायला. कुणालाही दोष देता येत नाही. ती ओरडली असती तर कुणीतरी धावलं असतं. पण तिला दुखलंच नाही.

5 ला सकाळी आजी मागच्या दारानं तुळशीकडे निघाल्या आणि खोलीपाशी थांबल्या. सुनेला हाक मारून म्हणाल्या, "सोड ते आधी. हिला बग. ह्यो वास मला ठाव हाय."

मला फोन आला तेव्हा साडेसात वाजले होते. डायपर उघडला तर शेपटीच्या मुळाशी, ओल्यानं कुजलेल्या कातडीत, रुपयाएवढं भोक, आणि त्यात पांढरे किडे वळवळत होते. माशीनं अंडी घातली की बारा-चोवीस तासांत किडे पडतात, पावसाळी दमट हवेत तर हमखास. शेंगा माझा हात चाटत होती. चिमट्यानं एकेक काढला. त्रेचाळीस मोजले, मग मोजणं सोडलं. भोवतालचे केस कापले, सलाइननं धुतलं. बैलांच्या जखमेत आम्ही टर्पेंटाइन ओतायचो. ते इथे अजिबात चालत नाही, कातडी भाजते आणि हिला तर तेही कळणार नाही. राज्यात गुरांचा लम्पी रोग पसरायला लागल्याचे ते दिवस, ओळखीचे सगळे डॉक्टर गोठ्यागोठ्यांतून फिरत होते. लातुरातले एक खासगी डॉक्टर दहा वाजता आले, त्यांनी इंजेक्शन दिलं आणि पुन्हा आत तपासून अजून सहा किडे काढले. जखम भरायला एकोणीस दिवस लागले.

मुलीनं त्या दिवशी पुरणपोळीला हात लावला नाही. आजींनी तिला ओरडून जेवायला बसवलं.

त्यानंतर वहीच्या पहिल्या पानावर सणांची यादी आली. पोळा, महालक्ष्म्या, दसरा, दिवाळी, येळवस. प्रत्येकापुढे एका माणसाचं नाव, ज्यानं त्या दिवशी सोवळ्यात राहायचं नाही. येळवशीला सगळे शेतात भज्जी-आंबिल खायला जातात, तेव्हा वॉचमनमामा घरी येऊन बसतात. त्यांनीही दाबायला शिकून घेतलं आहे आणि ते आम्हा सगळ्यांपेक्षा बरं करतात.

सातवा महिना

24 जानेवारी 2023 ला सहा महिने भरले. 2 फेब्रुवारीला मी न सांगता गेलो आणि आधी वही मागितली. डिसेंबरपर्यंत भरगच्च. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यापासून दुपारचे रकाने विरळ. आठवड्यात दोन, कधी तीन रिकामे. लग्नसराईच्या तोंडावर बांधकामं जोरात, दुकानात गर्दी, यजमान जेवायला साडेतीनला येणार किंवा डबाच मागवणार. लघवीच्या रंगाचा रकानाही बोलत होता: पिवळी, पिवळी, गढूळ, गढूळ. तपासणीत जंतू सापडले, कल्चर करून, म्हणजे ते जंतू प्रयोगशाळेत वाढवून, त्यावर लागू पडणारं औषध द्यावं लागलं.

आजी ओट्यावरच होत्या. माझ्याकडे बघून फक्त बोटं मोजली, एक ते सात. मी मान हलवली.

मी यजमानांना म्हणालो, जमत नसेल तर स्पष्ट सांगा, दुसरं घर शोधू, रागावणार नाही. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "सर, मी दीडला तिच्यापाशी पोचत नाही. तिला माझ्यापाशी ठेवली तर?"

सहा महिन्यांत हे आमच्यापैकी कुणालाही सुचलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून शेंगा सकाळी दहाला स्कूटीच्या पुढ्यातल्या टोपलीत बसून दुकानात जायला लागली. गोदामात सिमेंटच्या पोत्यांआड तिचा कोपरा, खाली गादी, वर पंखा. मोजून सव्वा-दीडला, गिऱ्हाईक असो नसो, पाच मिनिटं मागे. दुकानातला पोरगाही शिकला. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यापासून एकही रकाना रिकामा नाही.

मार्चमध्ये तिची गर्भपिशवी काढण्याची शस्त्रक्रिया उरकली आणि त्याच महिन्यात दत्तकाचा कागद झाला. मॅडम आणि यजमानांच्या सह्या. साक्षीदार म्हणून आजींना विचारलं तर त्या म्हणाल्या, "मी हात लावणार न्हाई म्हणलं व्हतं ना? कागदालाबी न्हाई." आजवर त्यांनी एकदाही तिची पिशवी दाबलेली नाही. रोज पहाटे तुळशीकडे जाताना मात्र तिच्यापाशी वाकून वास घेतात.

मार्च 2024 मध्ये मुलीचा फोन आला, शेंगा गाड्याशिवाय चार पावलं चालली! व्हिडिओही पाठवला. खरोखरच मागचे पाय डगमगत टाकत ती तुळशीपर्यंत गेली होती. मेंदूचा संबंध नसताना कणा परस्पर अशी पावलं टाकायला शिकतो, काही कुत्र्यांत महिन्या-वर्षांनी होतं. पोरीला ते कसं सांगावं या विचारातच दुकानात गेलो. गोदामात तिच्यापुढे भाकरीचा तुकडा ठेवला आणि मागच्या पायाचं बोट चिमट्यात धरलं. पाय झटकला. ती भाकरी चावत राहिली.

मुलगी माझ्या तोंडाकडे बघत होती. म्हणाली, "मला माहितीय, काका. तोंडाकडेच बघायचं ना? मी रोज बघते. पण चालली ना चार पावलं?"

चालली होती. वहीत दोन्ही लिहिलं. एवढ्यात बाहेरून कुणीतरी अर्धा इंची एल्बो मागितला आणि यजमान गोदामातून ओरडले, "थांबा मालक, पाच मिनिटं. दीड वाजलाय."